लाजेचें मोजमाप

सन १८६७ मध्यें चार्ल्स डार्विन या इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञानें एक छापील प्रश्नपत्रक जगाच्या कानाकोपऱ्यांत धाडलें. त्यांतील प्रश्न पशुपक्ष्यांविषयीं नव्हते, माणसाच्या चेहऱ्याविषयीं होते. आश्चर्य वाटलें असतां तुमच्या प्रांतांतील लोकांचे डोळे विस्फारतात काय, भिवया वर चढतात काय, अशा मासल्याच्या त्या प्रश्नांत दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न लाजेसंबंधीं होता. कातडीचा रंग आड येत नसेल तेथें, लाज वाटली म्हणजे चेहऱ्यावर लाली येते काय, आणि ती अंगावर कितपत खालीं उतरते? मिशनरी, वसाहतींतील अधिकारी आणि इतर जिज्ञासू अशा ३६ निरीक्षकांकडून उत्तरें आलीं. मुंबई इलाख्यांतील अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, राहणाऱ्या एर्स्किन नांवाच्या गृहस्थांनींहि तेथील लोकांचे चेहरे न्याहाळून पाहिले. परंतु त्यांना खात्रीलायक असा निष्कर्ष काढणें फार जड गेलें. कारण, युरोपियन मनुष्य समोर असला कीं हे लोक आपले मनोविकार नेहमींच झांकून ठेवीत.

डार्विननें ही अडचण १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रामाणिकपणें नमूद केली आणि तो पुढें गेला. जगांतील बहुतेक सर्व, किंबहुना सर्वच मानववंशांत लाजेनें चेहरा आरक्त होतो, हा त्याचा निष्कर्ष बरोबरच होता. पण नगर जिल्ह्यांतून आलेलें तें नकारघंटेसारखें उत्तर आज अधिक मोलाचें वाटतें. ज्वरमापक यंत्र पाहून ताप लपत नाहीं. तराजू पाहून धान्य हलकें होत नाहीं. लाज मात्र मोजणाऱ्याला पाहून बदलते. मोजणारा कोण, कोठला, कोणत्या भाषेंत विचारतो, यावर ती वाढते, घटते किंवा पार दडून बसते. लाजेच्या आणि समाजभीतीच्या मोजमापाचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या एकाच अडचणीशीं झालेल्या झटापटीचा इतिहास होय.

डार्विनची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपण काय केलें यापेक्षां दुसरे आपल्याविषयीं काय समजत असतील, या विचारानेंच माणसाचें मुख आरक्त होतें, असें त्यानें दाखवून दिलें. तान्हें मूल लाजत नाहीं. वृद्धांपेक्षां तरुण अधिक लाजतात. दुसऱ्याच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहण्याची ही संवय ज्या वयांत सर्वांत तीव्र होते, तें वय म्हणजे पौगंडावस्था. बारा-तेरा वर्षांचें होईपर्यंत चुरुचुरु बोलणारें मूल एकाएकीं पाहुण्यांसमोर येईनासें होतें, फळ्यापाशीं बोलावलें असतां त्याचे पाय जड होतात. आणि हें बहुतेक घरांत घडतें. यांतील बहुतेक मुलांचा संकोच वयाबरोबर ओसरतो. कांहींचा ओसरत नाहीं. तो इतका वाढतो कीं शाळा बुडते, मित्र तुटतात, परीक्षेंतील तोंडी उत्तरें येत असूनहि ओठांतून बाहेर पडत नाहींत. या दुसऱ्या अवस्थेलाच आजचे मानसशास्त्रज्ञ समाजभीतीचा विकार म्हणतात. पहिली अवस्था कोठें संपते आणि दुसरी कोठें सुरू होते, ही रेघ ओढण्यासाठींच मोजमापाची गरज पडली.

ही रेघ ओढण्याचा एक महत्त्वाचा उद्योग जपानांत झाला, याची जाणीव पाश्चात्य ग्रंथांत फार उशिरां उमटली. तोकियो येथील जिकेइ वैद्यकीय विद्यालयांतील अध्यापक डॉ. मोरिता शोमा (१८७४ ते १९३८) यांच्याकडे मज्जादौर्बल्याचे तरुण रोगी येत. स्वतः मोरिता विद्यार्थिदशेंत असल्याच पीडेंतून गेलेले होते. सन १९१९ च्या सुमारास त्यांनीं आपली उपचारपद्धति सिद्ध केली. प्रथम कांहीं दिवस एकांतांत निव्वळ पडून राहणें, मग हलकें काम, मग कष्टाचें काम, आणि शेवटीं नित्याच्या व्यवहारांत परतणें, असा तिचा क्रम होता. भीति नाहींशी करण्याचा खटाटोप करूं नका, ती आहे तशी असूं द्या आणि हातांतलें काम करा, असा त्यांचा उपदेश असे. या रोग्यांपैकीं एका वर्गाच्या व्याधीला ‘ताइजिन क्योफुशो’ असें नांव पडलें. माणसांसमोर येण्याच्या भीतीचा विकार, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो.

नांवावरून ही आपली ओळखीचीच समाजभीति वाटेल; पण रोग्यांच्या तक्रारी ऐकल्या म्हणजे फरक कळतो. कोणी सांगे, माझा चेहरा लाल होतो आणि तो पाहून समोरचा मनुष्य अवघडतो. कोणी सांगे, माझी नजर नको तेथें जाते आणि तिच्यामुळें दुसऱ्यांना त्रास होतो. कोणाला वाटे कीं आपल्या अंगाला दुर्गंधि येते आणि शेजारी बसलेल्यांना ती सोसावी लागते. अमेरिकन किंवा इंग्रज तरुणाची भीति ढोबळ मानानें अशी असते: ‘हे लोक मला हंसतील, माझी फजिती होईल.’ मोरितांच्या रोग्यांत जो वेगळा गट होता त्याची भीति अशी: ‘माझ्यामुळें या लोकांना उपसर्ग पोंचेल.’ एकाला स्वतःच्या अब्रूची चिंता, दुसऱ्याला परक्याच्या सुखाची. दोघांच्याहि छातींत धडधड सारखीच, तळहातांना घाम सारखाच. पण पहिल्यासाठीं तयार केलेली प्रश्नावलि दुसऱ्याच्या हातीं दिली, तर त्याच्या खऱ्या दुःखाचा प्रश्न तींत सांपडणारच नाहीं. हा भेद सर्वस्वीं राष्ट्रांचा आहे असें मात्र समजूं नये. १९९७ सालीं दोन्ही देशांतील विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारच्या प्रश्नावल्या देऊन पाहण्यांत आल्या, तेव्हां दुसऱ्यास त्रास होईल ही भीति कांहीं अमेरिकन विद्यार्थ्यांतहि आढळलीच. तिच्याविषयीं तोंवर त्यांना कोणी विचारलें नव्हतें, एवढेंच.

प्रश्नावल्यांचा खरा सुकाळ अमेरिकेंत झाला. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं सैनिकांच्या मनाची दुर्बलता हुडकण्यासाठीं तेथें छापील प्रश्नांचीं कोष्टकें निघालीं. १९३२ सालीं रेन्सिस लायकर्ट यानें ‘मुळींच नाहीं’ पासून ‘पूर्णपणें’ पर्यंत पायऱ्या आंखून, मतांना आंकडे देण्याची सोपी युक्ति काढली. १९६९ मध्यें वॉट्सन आणि फ्रेंड या दोन मानसशास्त्रज्ञांनीं समाजभीतीच्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. एकींत २८ वाक्यें, दुसरींत ३०. उत्तर ‘खरें’ किंवा ‘खोटें’. पहिली चारचौघांना टाळण्याविषयीं, दुसरी लोक वाईट म्हणतील या धास्तीविषयीं. मुलांसाठीं असली मापनपट्टी ॲनेट ला ग्रेका या विदुषींनीं १९८८ मध्यें तयार केली, १९९३ मध्यें ती सुधारली, आणि १९९८ मध्यें लोपेझ यांच्यासह खास किशोरवयीनांसाठीं २२ वाक्यांची नवी प्रश्नावलि सिद्ध केली. तींतील १८ वाक्यें भीतीचीं आणि ४ नुसतीं आवडीनिवडीचीं, मुलांना प्रश्नांचा रोंख फार जाणवूं नये म्हणून मधून मधून पेरलेलीं. ही युक्ति कोणाहि जुन्या परीक्षकाला दाद द्यावीशी वाटेल अशी आहे. पुढें ही प्रश्नावलि स्पॅनिश, चिनी इत्यादि भाषांत गेली आणि तिच्या आधारें देशादेशांच्या मुलांची तुलना सुरू झाली.

येथें भाषेचें संकट उभें राहतें. त्यावर १९७० मध्यें रिचर्ड ब्रिस्लिन यांनीं उलट-भाषांतराची रीति शास्त्रशुद्ध करून मांडली. एकानें इंग्रजीचें भाषांतर करावें, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानें तें पुन्हा इंग्रजींत न्यावें, आणि मग दोन्ही इंग्रजी वाक्यें ताडून पाहावींत. रीति चांगली आहे. तिच्यामुळें ढोबळ चुका पकडल्या जातात. पण शब्दाचा अर्थ जुळला तरी शब्दाचें वजन जुळतें असें नाहीं.

मराठीचेंच उदाहरण घ्या. इंग्रजींतील ‘शाय’ या एका शब्दासाठीं आपल्याकडे किती शब्द आहेत! लाजाळू, बुजरा, संकोची, भिडस्त, मुखदुर्बळ. यांतील प्रत्येकाचा रंग निराळा. बुजरा म्हटलें कीं कळपाबाहेर दचकणारें वासरूं डोळ्यांपुढें येतें. त्यांत कींव आहे. मुखदुर्बळ हा सरळ दोषच. पण भिडस्त? भीड म्हणजे दुसऱ्याची पर्वा, त्याचा मान राखण्यासाठीं आपली जीभ आवरणें. ‘भीड ही भिकेची बहीण’ असें म्हणून आपल्या पूर्वजांनीं तिला नांवें ठेवलीं खरीं. पण ज्याला कोणाचीच भीडभाड नाहीं त्या माणसाला त्यांनीं त्याहून अधिक नांवें ठेवलीं. भाषण करतांना अंगाला सुटतो तो सभाकंप, आणि ज्याला तो सुटत नाहीं तो सभाधीट. म्हणजे धीटपणालाहि येथें स्थळ लागतें. सभेंत धीट असलेला मनुष्य वडीलधाऱ्यांसमोर धीट असावा अशी अपेक्षा नाहीं. ‘नवख्या माणसाशीं बोलतांना मला संकोच वाटतो’ या वाक्यापुढें एखाद्या मराठी मुलीनें ‘नेहमीं’ या घरांत खूण केली, तर ती आपलें दुःख सांगत आहे कीं आपलें वळण सांगत आहे, हें खुणेवरून कसें ठरवावें? बहुतेक देशांत मुलींचे गुण या प्रश्नावल्यांत मुलांपेक्षां अधिक भरतात. त्यांतला किती भाग स्वभावाचा, किती खऱ्या पीडेचा, आणि किती भाग ‘मोठ्यानें बोलूं नको, खालीं बघून चाल’ या वर्षानुवर्षांच्या शिकवणीचा, हें वेगळें काढणें सोपें नाहीं.

आपल्या देशांतील एका शाळकरी मुलाची हकीकत येथें सहज आठवते. राजकोटच्या शाळेंतला हा मुलगा घंटा होतांच धांवत घर गांठी. वाटेंत कोणी बोलेल, आपली थट्टा करील, याचें त्याला भय वाटे. पुढें विलायतेंत शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर असतांनाहि त्याचें तोंड उघडत नसे. बॅरिस्टर होऊन १८९१ मध्यें परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत तो उलटतपासणीसाठीं उभा राहिला, त्याचें डोकें गरगरूं लागलें, आणि ३० रुपये फी परत करून तो कोर्टांतून निघून गेला. कोणत्याहि प्रश्नावलींत मोहनदास गांधींचे गुण इशाऱ्याच्या रेघेपलीकडे गेले असते. स्वतः महात्माजींनीं मात्र आत्मकथेंत या लाजरेपणाचें ऋण मानलें आहे; शब्द जपून वापरावयास त्यानेंच शिकविलें, असा त्यांचा अभिप्राय आहे. मात्र यावरून प्रत्येक मुकें मूल पुढें महात्मा होईल असें समजून त्याच्या पीडेकडे काणाडोळा करणें हा शुद्ध निर्दयपणा होय. कोर्टांतल्या त्या दिवशींचा तो त्रास खराच होता.

शब्दांचें झालें, आतां पायऱ्यांचें पाहूं. ‘कधींच नाहीं’ पासून ‘नेहमीं’ पर्यंत पांच घरें आंखलीं म्हणजे जगांतील सर्व मुलें तीं एकाच रीतीनें भरतील, हें गृहीत धरलें जातें. १९९५ मध्यें चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनीं जपानांतील सेंदाइ, तैवानांतील तैपेइ, कानडांतील अल्बर्टा आणि अमेरिकेंतील मिनिॲपोलिस येथील अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांची छाननी केली. प्रश्न समाजभीतीचे नव्हते, सामान्य मतांचे होते. पण उत्तर देण्याची ढब पाहण्यासारखी निघाली. जपानी आणि चिनी मुलें मधलें घर अधिक वेळां निवडीत, तर अमेरिकन मुलें दोन टोंकांकडे अधिक धांवत. फरक फार मोठा नव्हता, आणि त्यामुळें सरासऱ्यांची तुलना उलटीपालटी झाली नाहीं, हेंहि त्या संशोधकांनीं सांगितलें. तरी ठाम ‘होय’ म्हणणें हें एका ठिकाणीं सरळपणाचें लक्षण आणि दुसऱ्या ठिकाणीं आगाऊपणाचें लक्षण असूं शकतें, ही गोष्ट आंकड्यांत दिसून आली. जुन्या काळीं एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेच्या शेराशीं जुळत नसे. व्यापारी तें जाणून हिशेब करी. मनाच्या बाजारांत पुष्कळ दिवस सर्वत्र एकच शेर चालतो असें समजून व्यवहार चालला होता. अलीकडे संख्याशास्त्रज्ञ दोन देशांचे गुण ताडण्यापूर्वीं तें माप दोन्हींकडे सारखेंच चालतें काय, याची आधीं परीक्षा घेतात. हा शहाणपणा चांगला, पण उशिरां आलेला.

तो येण्यापूर्वीं आंकड्यांनीं मोठीच तारांबळ उडवून दिली होती. वैद्यांच्या कसोट्या लावून घरोघर पाहणी केली, तेव्हां अमेरिकेंत आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा विकार होणारांचें प्रमाण शेंकडा १२ च्या आसपास भरलें; कोरिया आणि तैवान येथें १९८० च्या दशकांतल्या पाहण्यांत तें शेंकडा १ हूनहि कमी निघालें. यावरून पूर्वेकडचीं माणसें निर्भय म्हणावीं, तर प्रश्नावल्या नेमकें उलट बोलत. अमेरिकेंतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे समाजभीतीचे गुण गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षां अधिक भरत. २००६ मध्यें आठ देशांच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जपान, कोरिया आणि स्पेन येथें गप्प राहणारा, मागें राहणारा मनुष्य समाजाला अधिक चालतो, आणि तेथेंच भीतीचे गुणहि अधिक, असें तींत दिसलें. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणींत ब्राझील, चीन, इंडोनेशिया, रशिया, थायलंड, अमेरिका आणि व्हिएतनाम येथील १६ ते २९ वर्षांच्या ६,८२५ तरुणांना एकच प्रश्नावलि दिली. भीतीची रेघ ओलांडणारे अमेरिकेंत शेंकडा ५७.६, इंडोनेशियांत शेंकडा २२.९. पुन्हां पारडें फिरलें! त्याच पाहणींत शेंकडा १८ तरुण असे निघाले कीं ज्यांच्या मतें त्यांना समाजभीति नव्हती, पण प्रश्नावलीच्या मतें होती. यांत खोटें कोण बोललें? बहुधा कोणीच नाहीं. वैद्य विचारतो, तुझें काम अडतें काय? जेथें मागें राहणाऱ्याचें काम अडत नाहीं, तेथें तो ‘नाहीं’ म्हणतो. प्रश्नावलि विचारते, तुला धडधडतें काय? तेव्हां तोच मनुष्य ‘होय’ म्हणतो.

या सर्व गोंधळांत एक अभ्यास असा झाला कीं त्यानें प्रश्नाची बाजूच पालटली. शांघाय शहरांतील शाळांचा हा अभ्यास शिन्यिन चेन या चिनी-कानडी मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें झाला. त्यांत मुलांना एक खेळ दिला होता. समजा, तुम्ही एका नाटकाचे दिग्दर्शक आहांत. अमुक भूमिकेला आपल्या वर्गांतला कोण शोभेल, तें सांगा. दांडगाई करणारा कोण, सर्वांना मदत करणारा कोण, फार लाजाळू असा कोण. मास्टन या अमेरिकन विदुषी व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ मध्यें या खेळाची सुधारलेली आवृत्ति तयार केली होती. यांत मूल स्वतःविषयीं कांहींच सांगत नाहीं, वर्गबंधु सांगतात; आणि वर्गांत वर्षभर शेजारीं बसणाऱ्यांपासून काय लपतें? मग त्याच मुलांना, कोणाशीं खेळावयास आवडतें आणि कोणाशीं नाहीं, हें विचारून दोन्ही उत्तरें जुळवून पाहण्यांत आलीं.

१९९२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कानडांतील ऑन्टेरिओ प्रांत आणि शांघाय यांची तुलना होती. वर्ग दुसरी आणि चौथीचे, म्हणजे मुलें पौगंडावस्थेच्या उंबरठ्याच्याहि थोडीं अलीकडची. ऑन्टेरिओंत लाजाळू मुलाला सवंगडी दूर ठेवीत. शांघायमध्यें तेंच मूल सर्वांचें आवडतें होतें. पुढील अभ्यासांत असें दिसलें कीं तेथील शिक्षकहि अशा मुलाला गुणवान समजत आणि वर्गांतील जबाबदारीच्या जागा त्याला मिळत. चिनी भाषेंत ‘ग्वाय’ असा एक शब्द आहे. ऐकणारें, गुणी, जाणतें मूल असा त्याचा भाव. मागें राहणारें, दुसऱ्याचा कल पाहून वागणारें मूल तेथें ‘ग्वाय’ ठरे. आपल्याकडील जुन्या पिढीच्या शिक्षकाला यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. वर्गांतील मॉनिटर पुष्कळदां असाच मुलगा असे.

एवढ्यावरच हा अभ्यास थांबता, तर पूर्व ती पूर्व आणि पश्चिम ती पश्चिम, असें म्हणून लोकांनीं पुस्तक मिटलें असतें. पण चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तोच खेळ शांघायमध्यें पुन्हां पुन्हां मांडला. १९९०, १९९८ आणि २००२ या तीन सालांच्या मुलांची तुलना त्यांनीं २००५ मध्यें प्रसिद्ध केली. १९९० च्या वर्गांत लाजाळू मूल मित्रांना प्रिय, अभ्यासांत पुढें. १९९८ च्या वर्गांत चित्र संमिश्र. कांहींना आवडतें, कांहींना नको. २००२ च्या वर्गांत त्याच स्वभावाचें मूल सवंगड्यांनीं नाकारलेलें, शाळेंत अडखळणारें आणि मनानें खिन्न. अवघीं १२ वर्षें! शहर तेंच, भाषा तीच, शाळाहि त्याच जातीच्या; मधल्या काळांत लाजेची किंमत मात्र पार उतरली होती.

हें कशामुळें झालें? चीनमध्यें आर्थिक सुधारणा १९७८ पासून सुरू झाल्या, तरी शांघायला त्यांचा खरा वेग १९९० नंतर आला. त्या सालीं नदीपलीकडील पुतोंग भागाच्या विकासाची घोषणा झाली, त्याच वर्षाअखेर शेअरबाजार उघडला. पूर्वीं पदवीधराला सरकार नोकरी नेमून देई. ती पद्धति त्या दशकांत ओसरली आणि मुलाखतींत स्वतःचें घोडें स्वतः पुढें दामटणें भाग पडलें. शाळांनाहि सांगण्यांत आलें कीं मुलांनीं बोलावें, मतें मांडावींत, पुढाकार घ्यावा. कोणी म्हणेल कीं हा एकुलत्या एक मुलाच्या सरकारी धोरणाचा परिणाम असावा. पण तें धोरण १९८० च्या सुमारास अंमलांत आलें. १९९० सालच्या वर्गांतलीं मुलेंहि त्याच धोरणाखालीं जन्मलेलीं होतीं. तेव्हां बाजार हेंच कारण अधिक संभवनीय दिसतें. १९९० सालीं ज्या मुलाला आईबाप शहाणें म्हणत, त्याच्याच धाकट्या भावंडासारख्या मुलाला २००२ सालीं तें जगांत कसें टिकेल, म्हणून चिंता करूं लागले असतील, तर त्यांत त्यांचा तरी काय दोष?

मात्र एक सावधगिरी येथें आवश्यक आहे. २००२ च्या मुलांत लाजाळू मुलें अधिक होतीं किंवा कमी होतीं, असें हा अभ्यास सांगत नाहीं. लाजाळूपणाबरोबर सुखदुःखाचें कोणतें माप पदरीं पडतें, तेवढें तो सांगतो. अमेरिकन प्रश्नावलींतले अधिक गुण म्हणजे अधिक पीडा, हें समीकरण १९९० च्या शांघायमध्यें चुकलें असतें आणि २००२ च्या शांघायमध्यें पुष्कळसें बरोबर आलें असतें. अर्थात् संस्कृति म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे. एकाच गल्लींत दहाबारा वर्षांत ती पालटते. आणि दोन संस्कृति एकाच शहरांत नांदतात, असेंहि दिसून आलें. २००९ मध्यें चीनमधील शहरी मुलें आणि खेड्यांतून कामधंद्यासाठीं शहरांत आलेल्या कुटुंबांतील मुलें यांची तुलना झाली. शहरी मुलांत लाजाळूपणाची जोड अपयशाशीं होती. खेड्यांतून आलेल्या मुलांत ती तशी नव्हती, उलट कांहींशी अनुकूलच होती. खेड्यांतून आलेलें तेंच मूल उद्यां शहरी शाळेंत बसलें, तर त्याला कोणत्या मापानें मोजावयाचें, हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाहीं. एक माप लावलें तर धडधाकट, गुणी मुलाच्या कपाळीं रोगाचा शिक्का बसतो. दुसरें लावलें तर खरोखर कुढणारें मूल ‘फार शांत हो, अगदीं त्रास नाहीं त्याचा’ या कौतुकाखालीं वर्षानुवर्षें दबून राहतें. दुसरी चूक पहिलीपेक्षां अधिक वेळां घडते, कारण शांत मूल तक्रार करीत नाहीं आणि शिक्षकाला वर्ग आंवरावयाचा असतो.

रोगनिदानाच्या ग्रंथांनींहि हळूहळू जागा करून दिली आहे. अमेरिकन मनोवैद्यांच्या संघटनेनें १९८० च्या आपल्या निदानग्रंथांत समाजभीतीला प्रथमच स्वतंत्र विकाराचें स्थान दिलें. तेव्हां त्यांत फजितीच्या भयाचा उल्लेख होता, जपानी रोग्यांच्या भीतीचा मागमूसहि नव्हता. १९९४ च्या आवृत्तींत ‘ताइजिन क्योफुशो’ हें नांव आलें, पण शेवटच्या परिशिष्टांत, निरनिराळ्या देशांतल्या चमत्कारिक विकारांच्या यादींत. २०१३ च्या आवृत्तींत मात्र मुख्य व्याख्येंतच शब्द वाढविण्यांत आले: आपल्या वागण्यानें दुसरे दुखावतील, ही भीतिहि यांत धरावी. मोरितांच्या रोग्यांना त्या ग्रंथाच्या मुख्य पानावर येण्यास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं. शाळाशाळांतून अद्यापहि वांटली जाणारी १९९८ ची ती २२ वाक्यांची प्रश्नावलि मात्र त्याआधींची आहे. लोक आपणांस हंसतील, नांवें ठेवतील, नाकारतील, या भीतीचीं वाक्यें तींत आहेत. आपल्यामुळें दुसऱ्याला त्रास होईल, या भीतीचें वाक्य तींत एकहि नाहीं.